घुमटावरच्या खुणांची चौकशी

भिंगरावांच्या रणगाड्याला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आणि चौथ्या दिवशी ते परत घेण्यात आलं.

हे वाक्य आपण कोणीच वाचलेलं नाही. भिंगरावांच्या घरी या विषयावर असंच ठरलेलं आहे. बक्षीस मिळालंच नव्हतं, त्यामुळे परत जाण्याचा प्रश्न येत नाही, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर जो नवा खिळा दिसतो तो कॅलेंडरसाठी ठोकलेला आहे. कॅलेंडर शेजारच्याच जुन्या खिळ्यावर लटकलेलं आहे, तिकडे पाहायचं नाही. तर आपण मुकाट्याने पहिल्यापासून सुरुवात करू.

भिंगराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जलनिस्सारण विभागात ते आरेखक. शहरातल्या सगळ्या गटारांचे नकाशे त्यांच्या हातचे. कपाळावर दिवसभर घड्याळजीसारखं भिंग चढवलेलं असायचं, ते घरी येतानाही उतरवायचं राहून जायचं, म्हणून हे नाव. उरलेल्या वेळात ते रणगाडे करत. प्लास्टिकचे, खऱ्यापेक्षा पस्तीस पटींनी लहान. बंद केलेल्या गॅलरीत एक टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली भिंगराव. शेजारी बसून हाका मारल्या तरी त्यांना ऐकू येत नसे, पण फरशीवर एखादा सुटा भाग पडला की लगेच ऐकू येई. हा फरक त्यांच्या पत्नीच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात परीक्षक होते दातांचे डॉक्टर. असे रणगाडे करणाऱ्यांच्या हौशी मंडळाचे अध्यक्षही तेच. त्यांनी दात तपासायचा तो छोटा आरसा काढून भिंगरावांच्या रणगाड्याच्या घुमटाखाली घातला, जीभ बाजूला सारावी तशी तोफ बाजूला सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा घुमट कशाचा असतो?"

"ओतीव लोखंडाचा," भिंगराव म्हणाले.

"मग ओतल्याच्या खुणा कुठायत? कारखान्याचं चिन्ह? साच्याचा नंबर? लोखंड खरखरीत असतं हो. हे काय आहे? हा रणगाडा नाही, सोललेला बटाटा आहे."

लोक हसले. हसण्याचं काही वाटलं नाही, पण चहावाल्याने सुद्धा चहा देताना "बटाटेवाले, घ्या" म्हटलं, ते लागलं. घरी आल्यावर पत्नीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे निकाल दिला. "अहो, अकरा वर्षं झाली. एक तर बक्षीस आणा, नाही तर पुढच्या वर्षी ते टेबल उचला. माझं शिलाई मशीन पलंगाखाली आहे. मी पलंगाखाली शिवत नाही, तुम्हाला माहीत असेल."

ते भिंगरावांना माहीत नव्हतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

तर खुणा. या खुणा करण्याची पद्धत सोपी आहे, असं ज्यांनी कधी केलं नाही ते सांगतात. रणगाड्याचे सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात आणि प्रत्येक भागाशेजारी चौकटीवर त्याचा नंबर उठवलेला असतो. तिळाएवढा. तो ब्लेडने तासून काढायचा आणि घुमटावर चिकटवायचा. त्याआधी भेगा बुजवायची लांबी घुमटाला पातळ लावून ती ओली असताना जुन्या टूथब्रशने ठोकायची, म्हणजे ओतीव लोखंडाचा खरखरीतपणा येतो. यातला 'जुना' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो महत्त्वाचा का आहे, हे पत्नीने दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला घेतल्यावर समजावून सांगितलं.

पण खुणा करायच्या म्हणजे कोणत्या? मनाला येईल तो आकडा डॉक्टर चालवून घेणार नव्हते. पुस्तकांतल्या फोटोंत घुमटावर नेमका कोणीतरी सैनिक कोपर टेकून उभा असायचा. खरा रणगाडा बघायला हवा होता, आणि तो होता. सार्वजनिक बागेत, कारंज्यामागे, चौथऱ्यावर, अगदी त्याच बनावटीचा. भोवती कठडा, कठड्यावर पाटी: चढू नये. भिंगराव शनिवारी पारदर्शक कागद, मऊ पेन्सिल आणि टेप घेऊन गेले. कागद खुणेवर धरून वरून पेन्सिल घासली की खूण जशीच्या तशी उठते. त्यांनी कठड्यातून हात घातला आणि मागून आवाज आला.

"काय काढताय?"

बागेचा रखवालदार होता. हातात काठी, डोळ्यांत खात्री.

"नंबर," भिंगराव म्हणाले.

"गाडीचा?"

"हो. म्हणजे रणगाड्याचा."

"कोणाला देणार?"

"कोणाला म्हणजे? लहान रणगाड्यावर लावणार."

रखवालदाराने हे वाक्य मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं आणि ते कोणत्याच बाजूने चांगलं दिसेना. "मोठ्याचा नंबर काढून लहानाला लावणार," तो म्हणाला. "कागद इकडे द्या. वर तर बघायचंच नाही. वर काही नाहीये."

ज्याला वर काही नाही असं खात्रीने सांगता येतं, त्याने वर काहीतरी पाहिलेलं असतं, हे भिंगरावांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्यांच्या शेजाऱ्याच्या मात्र आलं असतं. शेजारी म्हणजे निवृत्त फौजदार. त्यांना सगळे काका म्हणत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण संशय पूर्ण वेळ चालू होता. दूधवाल्याने पिशवी उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने दिली तरी ते नोंद करून ठेवत. त्यांनी भिंगरावांना जिन्यात अडवलं.

"भिंगराव, गुरुवारी तुमच्याकडे एक पार्सल आलं. त्यावर तोफ छापली होती."

"रणगाडा आहे काका, प्लास्टिकचा."

"तेच तर. खरा असता तर मी विचारलं नसतं. खरा माणूस लपवून आणतो." मग आवाज खाली आणून, "लेखी परवानगी घ्या. सगळं कागदावर असू दे. उद्या काही झालं तर मी साक्ष देईन. कोणाच्या बाजूने, ते आत्ता सांगत नाही."

सल्ला वाईट नव्हता. भिंगराव स्वतः सरकारी माणूस, अर्ज म्हणजे त्यांना घरच्यासारखा. ते उद्यान अधीक्षकांकडे गेले. अधीक्षकांनी अर्ज वाचला, पालथा केला, कोऱ्या बाजूकडेही थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गवत आमचं. गवतावर जे उभं आहे ते स्मारक कक्षाचं."

स्मारक कक्षातल्या बाईंनी सांगितलं, "स्मारक म्हणजे जागचं हलत नाही ते. याला चाकं आहेत. वाहन कक्षात जा."

वाहन कक्षाने विचारलं, "नोंदणी क्रमांक?"

"तोच शोधायला परवानगी हवीये."

"क्रमांक सांगा, मग अर्ज घेतो."

"क्रमांक कळला की अर्ज कशाला करू?"

"मग करू नका," कारकून म्हणाला, आणि एका अर्थाने प्रश्न मिटवून जेवायला गेला.

सात फेऱ्या झाल्या. शेवटी अधीक्षकांना दया आली, किंवा भिंगराव रोज त्यांच्याच खुर्चीत बसू लागल्याचा कंटाळा आला. त्यांनी 'तात्पुरत्या स्पर्शाची' परवानगी दिली. गुरुवारी, अकरा मिनिटं, रखवालदाराच्या समक्ष. अट एकच: आढळलेल्या प्रत्येक खुणेची यादी, तीन प्रतींत, आठ दिवसांत कार्यालयाला सादर करावी. "बागेत आपलं काय काय आहे ते आम्हालाही एकदा कळेल," अधीक्षक म्हणाले.

भिंगरावांनी आनंदाने सही केली. अचूक यादी करणं ही त्यांना अट वाटलीच नाही, बक्षिसी वाटली. माणूस कुठे सही करताना हसला, हे नंतर आठवायचं नसतं.

गुरुवारी भिंगराव चौथऱ्यावर चढले. रखवालदार खाली काठी टेकून, चेहरा पडलेला. कण्हेरीच्या झुडपामागे एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि त्या वर्तमानपत्राला डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती.

"काका, इकडे या," भिंगराव म्हणाले. "कागद धरायला माणूस हवाय."

"मी इथे नाही," वर्तमानपत्र म्हणालं. पण आलं.

घुमटाच्या उजव्या अंगाला कारखान्याचं चिन्ह निघालं, मागे साच्याचा नंबर, तोफेच्या बुडाशी दोन अक्षरं. हिरव्या रंगाचे इतके थर बसले होते की सगळं जाडजूड आणि फुगलेलं दिसत होतं. आठव्या मिनिटाला भिंगराव वर पोचले आणि त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं. माणसाने आत उतरायच्या गोल झाकणावर चौकटीचौकटींची नक्षी, मधोमध एक वर्तुळ, वर्तुळात पाण्याच्या लाटेसारखी एक रेघ आणि तिच्याखाली ठसठशीत आकडा: ४११७.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही," ते पुटपुटले.

"नसणारच," काका म्हणाले. "लाट! याचा अर्थ हा पाण्यातून चालणारा आहे. गुप्त ठेवलेला." आणि त्यांनी रखवालदाराकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"झाली अकरा मिनिटं," तो म्हणाला. झाली होती नऊ.

यानंतरचे आठ दिवस गॅलरीत गेले. यादी तीन प्रतींत, मापांसकट आणि आकृत्यांसकट, अधीक्षकांकडे पोचती झाली. मग नंबर तासणं सुरू झालं. चार हवा होता एक, एक हवे होते दोन, सात हवा होता एक. चार आणि दोन्ही एक बसले. सात चिमट्यातून उडाला.

"हलू नका!" भिंगराव ओरडले. पत्नी दारात चहा घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. काका नेमके चौकशीला आले होते, तेही एक पाय वर धरून थांबले. भिंगरावांनी फरशीवर रांगत गॅलरीचा इंच न् इंच पालथा घातला.

"अहो, चहा गार होतोय आणि माझा हात दुखतोय," पत्नी म्हणाली. "एक सात तर आहे. कॅलेंडरवरून कापून घ्या."

"उठाव हवा! उठाव!"

सात काकांच्या चष्म्याच्या काचेवर सापडला. भिंगराव चिमटा घेऊन पुढे झाले, तसे काका मागे सरले. "थांबा. वस्तू माझ्या अंगावर सापडली आहे. ती माझी नाही, हे आधी लिहून घ्या. दोन साक्षीदार लागतील."

"मी एक," पत्नी म्हणाली. "दुसरा तो रणगाडा. घ्या आता तो सात, नाहीतर मी शिंकते."

रविवारी प्रदर्शन. वाचनालयाच्या सभागृहात लांबच लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, प्रत्येक रणगाड्यामागे त्याचा मालक, आणि प्रत्येक मालक शेजारच्याकडे तिरक्या नजरेने बघतोय. दातांचे डॉक्टर आरसा घेऊन आले. घुमट पाहिला, खरखरीतपणा पाहिला, चिन्ह पाहिलं. मान हलली. डॉक्टरांची मान हलणं म्हणजे काय असतं, हे ज्यांची दाढ वाचली आहे त्यांना विचारावं. मग आरसा वर गेला आणि थांबला.

"ही लाट कसली?"

"खऱ्यावर आहे," भिंगराव म्हणाले आणि पेन्सिलने घासलेला कागद, परवानगीपत्र आणि रखवालदाराची सही समोर ठेवली.

"चाळीस वर्षं मी रणगाडे बघतोय. ही खूण कोणत्याही कारखान्याची नाही." डॉक्टरांनी कागद नाकाजवळ धरला. "पण पाहिल्यासारखी वाटते. कुठे बरं? फार जवळ कुठेतरी." आणि ते कागद हातात घेऊन बाहेर चालू लागले. मागोमाग मंडळाचे सगळे सभासद. मागोमाग काका, भिंतीला पाठ लावून. वाचनालयाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध डॉक्टर थांबले, खाली वाकले आणि त्यांनी आरशाने दाखवलं.

चौकटींची नक्षी. वर्तुळ. लाट. खाली आकडा: ३९०२.

"हे," डॉक्टर एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "गटाराचं झाकण आहे."

एक रिक्षा या मंडळींना वळसा घालून गेली. 

आता कोणालाही वाटेल, की जलनिस्सारण विभागाच्या आरेखकाला आपल्याच विभागाचं झाकण कसं ओळखता आलं नाही? पण भिंगरावांनी झाकण कधी पाहिलंच नव्हतं. नकाशात झाकण म्हणजे चार मिलिमीटरचं वर्तुळ, मध्ये ठिपका. अशी हजारो झाकणं त्यांनी काढली होती, आरेखनाच्या रोटरिंग पेनाने, एकही रेघ जाड न होऊ देता. आणि रस्त्यावरून चालताना ते नेहमी मनात रणगाडा घेऊन चालत, त्यामुळे खाली बघायचं काही कारण नसे.

भिंगराव उकिडवे बसले आणि त्यांनी ३९०२ भिंगातून वाचून पाहिला. मग त्यांनी भिंग कपाळावर ढकललं. "डॉक्टर, तुम्ही मागच्या वर्षी काय म्हणालात? जसं आहे तसं हवं. तिथे आहे. चला, दाखवतो."

अख्खं मंडळ बागेत गेलं. रखवालदाराने इतकी माणसं एकदम येताना पाहिली आणि काठी खाली टाकली. "मीच बसवलं साहेब," तो कोणी विचारायच्या आत म्हणाला. "वरचं झाकण चोरीला गेलेलं. लोक आत उतरून पत्ते खेळायचे. कारंज्यामागच्या गल्लीत हे पडलेलं होतं, दोन बोटं मोठं आहे पण बसलं. तेव्हापासून दर वर्षी रंगवतो. नोकरीवर गदा येऊ देऊ नका."

"मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," काका म्हणाले. त्यांनी काय ओळखलं होतं हे कोणी विचारलं नाही.

डॉक्टर वर चढले. झाकण पाहिलं, मग खिशातून मापाची पट्टी काढून छोट्या रणगाड्यावरचं झाकणही पाहिलं. दोन बोटं मोठं असलेलं ते झाकण पस्तीस पटींनी लहान होऊन भिंगरावांच्या घुमटावरही तेवढंच बाहेर आलेलं होतं. डॉक्टर खाली उतरले आणि त्यांनी चक्क हात पुढे केला. "असला चिवट अचूकपणा मी जन्मात पाहिला नाही. पहिलं बक्षीस."

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला गेला, बक्षिसाच्या प्रशस्तिपत्राची चौकट टांगली गेली आणि पत्नी म्हणाली, "ठीक आहे. टेबल राहू दे. मशीन मी पलंगाखालीच..." आणि चहा तिने स्वतःहून दिला.

मंगळवारी सकाळी भिंगरावांच्या कार्यालयातल्या टेबलावर एक फाईल आली. रविवारची बातमी कानावर आल्यावर उद्यान विभागाने कळवलं होतं, की 'सोबतच्या तपशीलवार यादीनुसार' आपल्या विभागाचं झाकण क्र. ४११७ आमच्या हद्दीत आढळलं आहे, तरी ते तातडीने घेऊन जावं. यादी भिंगरावांच्याच अक्षरात होती. तिच्याखाली विभागप्रमुखांचा शेरा होता: आरेखकाने सदर झाकणाची मूळ जागा नकाशात दाखवावी.

भिंगरावांनी नकाशा उलगडला. कारंज्यामागची गल्ली. तिथे एक वर्तुळ तुटक रेघेने काढलेलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'झाकण नाही, फळी ठेवली आहे'. तेही त्यांच्याच अक्षरात, नऊ वर्षांपूर्वीचं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "बोट जरा इकडे ठेवा. शेजारच्या गल्लीत दाखवा. वर्षभर शोधत बसतील."

एवढं सोपं होतं. एक वर्तुळ, चार मिलिमीटर, दीड सेंटिमीटर डावीकडे. भिंगराव दुपारी जेवले नाहीत. पेन उघडून ठेवलं, मिटलं, परत उघडलं. मनातल्या मनात त्यांनी ते वर्तुळ डावीकडे काढून पाहिलं, पण हाताला ते जमेना. इतकी वर्षं हा हात जे आहे तेच काढत आला होता. त्याला आता एकाएकी समजावणार कोण? आणि फळी नऊ वर्षांची होती. साडेपाचला, दिवे मालवायच्या आधी, त्यांनी वर्तुळ बरोबर जागी काढलं आणि मधोमध ठिपका दिला.

विभागाने उभ्या हयातीत केलं नव्हतं इतक्या वेगाने काम केलं. गुरुवारी झाकण गल्लीत होतं आणि रणगाड्याच्या डोक्यावर पत्र्याची निळी बादली पालथी घातलेली होती. संध्याकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. बूट काढताना त्यांचा चेहरा दाढ वाचणार नाही हे सांगतानाच्या चेहऱ्यासारखा होता. "काय करू भिंगराव? तिसऱ्या नंबरवाल्याने फोटो आणून दाखवले. प्रदर्शन रविवारपर्यंत खुलं आहे, आणि आजच्या तारखेला तुमचा घुमट खऱ्याशी जुळत नाही."

"बादली करून देतो," भिंगराव म्हणाले. "एका रात्रीत."

"त्या बादलीला खुणाच नाहीत हो."

चौकट खाली उतरली.  पत्नीने पलंगाखालून मशीन बाहेर ओढलं, त्यावरची धूळ पुसली आणि ते गॅलरीच्या दाराशी आणून ठेवलं. नुसतं ठेवलं. भिंगराव त्याच्याकडे बघत टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि पहिल्याच झटक्यात, एकही खाडाखोड न करता, लिहून काढलं:

प्रति, मा. उद्यान अधीक्षक.

विषय: झाकण क्र. ४११७ पूर्ववत रणगाड्यावर बसवून मिळणेबाबत.

महोदय, सदर झाकण आपल्या पत्रानुसार व अर्जदाराच्याच नकाशानुसार मूळ जागी बसवण्यात आले आहे. ती जागा अचूक आहे, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तथापि रणगाडा आता अचूक राहिलेला नाही. सबब विनंती की, सदर झाकण येत्या शनिवारपर्यंत पुन्हा रणगाड्यावर बसवावे. त्यामुळे गल्लीत उघड्या पडणाऱ्या गटाराशेजारी अर्जदार स्वतः, कार्यालयीन वेळ वगळून, उभा राहण्यास तयार आहे. कार्यालयीन वेळेत उभे राहण्यास शेजारील निवृत्त फौजदारांनी संमती दिली असून ते तसेही कुठेतरी उभेच असतात. तसेच या अर्जावर निर्णय होईपर्यंत अर्जदाराच्या पत्नीस गॅलरीतील टेबल न हलवण्याबाबत आपल्या कार्यालयामार्फत लेखी आदेश व्हावेत. अर्जदाराने तोंडी विनंती करून पाहिली आहे.